हा विषय कुठल्या बैठकीचा? पोलिसांवर नागरिकांची देखरेख, सोप्या भाषेत

गणपतीच्या आधी सांगलीत आमच्या भागात शांतता समितीची बैठक होते, तशी ती त्याही वर्षी झाली. स्टेजवर साहेब लोक. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, दोन-तीन माजी नगरसेवक आणि मागच्या रांगांत आम्ही. विषय नेहमीचेच. मंडपानं रस्ता किती अडवायचा, डॉल्बी किती वाजता बंद करायचा, मिरवणूक कुठल्या रस्त्यानं न्यायची. चहा झाला. शेवटी "कुणाला काही विचारायचंय का?" असं स्टेजवरून विचारलं गेलं, तेव्हा मागून एक भाजीवाल्या मावशी उभ्या राहिल्या.

"साहेब, माझ्या पोराला चौकशीला म्हणून नेलं हुतं. एक रात्र आन् दुसरा अख्खा दिवस. कशाबद्दल नेलं, का सोडलं, कायबी कागद न्हाई. हे कुणाला इचारायचं?"

स्टेजवरचे अधिकारी आवाज न चढवता म्हणाले, "मावशी, हा विषय आजच्या बैठकीचा नाही."

ते चुकीचं बोलले नव्हते. तो विषय त्या बैठकीचा नव्हताच. पण खाली बसता बसता मावशींनी शेजारच्या बाईला विचारलं, "मग कुठल्या बैठकीचा हाय?" आणि त्याचं उत्तर हॉलमधल्या एकालाही देता आलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर कायदे, न्यायालयाचे निकाल, अर्ज-विनंत्या असं बरंच वाचत गेलो. जे हाती लागलं ते इथं सांगतो.

मदत वेगळी, देखरेख वेगळी

आपल्याकडं पोलिसांच्या आसपास नागरिकांच्या समित्या काही कमी नाहीत. शांतता समिती, महिला दक्षता समिती, मोहल्ला समिती, पोलीस मित्र, गावाकडं ग्रामरक्षक दल. यातल्या काहींनी फार मोलाचं काम केलंय. भिवंडीत १९८४ मध्ये भीषण दंगल झाली होती. नंतर १९८८ च्या सुमारास तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांतली माणसं एकत्र बसवली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मिरजेनंही २००९ च्या गणेशोत्सवात दंगल पाहिली आहे, त्यामुळं अशा बैठकांची किंमत आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही.

पण या सगळ्या समित्यांची दिशा एकच आहे. पोलीस बोलावतात, नागरिक जातात. सदस्य कोण हे पोलीस ठरवतात, विषयही तेच ठरवतात. नागरिकांनी पोलिसांना मदत करायची, असा हा मामला. पोलिसांनी त्यांचा अधिकार नीट वापरला का, हे विचारण्याची सोय यातल्या एकाही समितीत नाही.

देखरेख म्हणजे नेमकी ती सोय. पोलीस खात्यात नसलेल्या माणसांना तक्रार ऐकण्याचा, कागद मागवण्याचा, अधिकाऱ्याला समोर बोलावून विचारण्याचा आणि पुढं काय कारवाई व्हावी हे सांगण्याचा कायद्यानं दिलेला अधिकार. गुन्ह्याचा तपास कसा करायचा, कुणाला आरोपी करायचं, हे ठरवण्याचा अधिकार यात येत नाही, आणि येऊही नये. तपास पोलिसांचा, निवाडा न्यायालयाचा. देखरेख करणाऱ्यानं फक्त पाहायचं की ताब्यात घेतलेल्या माणसाशी कायद्यानं सांगितलं तसं वागलं गेलं का, आणि नसेल तर त्याचा जाब कुणाला विचारला गेला का.

सांगलीचे पोलीस सांगलीचे नसतात

परदेशातल्या बातम्या वाचून काही जण विचारतात, की तिकडं शहरातले लोक पोलिसांवर मंडळ नेमतात, मग आपली महापालिका का नेमत नाही? यात एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत पोलीस हे महापालिकेचंच एक खातं असतं. जसा आपल्याकडं पाणीपुरवठा विभाग, तसं. त्यामुळं शहरातले मतदार थेट नियम बदलू शकतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १९७३ मध्ये मतदारांनी कौल देऊन असं मंडळ आणलं. न्यूयॉर्कची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथं १९६६ मध्ये महापौरांनी तक्रार मंडळावर पोलीस खात्याबाहेरची माणसं घेतली, तर पोलिसांच्या संघटनेनं सार्वमत घ्यायला लावून ती बाहेर काढायला लावली. पूर्णपणे नागरिकांचं मंडळ तिथं यायला १९९३ उजाडलं. म्हणजे सत्तावीस वर्षं.

आपल्याकडं राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्याच्या यादीत आहे. सांगली आणि सातारा दोन्हीकडं पोलीस आयुक्तालय नाही. जिल्हा पोलीस अधीक्षक, म्हणजे एसपी, हेच प्रमुख, आणि त्यांच्या वरची साखळी कोल्हापूरच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांमार्फत मुंबईला गृहखात्यापर्यंत जाते. सांगली-मिरज-कुपवाडच्या महापौरांना एका शिपायाची बदलीसुद्धा करता येत नाही. तेव्हा आपल्या शहरात देखरेख आणायची तर रस्ता महापालिकेच्या ठरावातून जात नाही, राज्याच्या कायद्यातून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून जातो.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आज आपल्या ठाण्यांवर देखरेख नाही असं नाही. आहे. ती फोनवर चालते. पोरगं उचललं की घरचे पहिल्यांदा वकील शोधत नाहीत, 'कुणाची ओळख आहे का' ते शोधतात. नेत्याचा, त्याच्या पीएचा, साखर कारखान्यातल्या कुणाचा तरी फोन ठाण्यात जातो आणि पोरगं समज देऊन सोडलं जातं. ज्याच्याकडं फोन करणारा माणूस आहे तो सुटतो. ज्याच्याकडं नाही, तो बाकड्यावर बसून राहतो. त्या बाकड्यावर कोण असतं हे ठाण्यात चार वेळा गेलेल्या कुणालाही माहीत आहे. ऊसतोडीला आलेला मजूर, बिगारी, फासेपारधी. पारध्यांना तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पहिली गाडी आजही त्यांच्या पालाकडं वळते. फोनवरची देखरेख त्यांच्यापर्यंत कधीच पोचणार नाही. त्यांच्यासाठी कागदावरची देखरेख लागते.

एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचा खटला

कागदावरच्या देखरेखीची मागणी कोर्टात नेणारा माणूस खुद्द पोलीस खात्यातलाच होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेशचे पोलीस महासंचालक होते, नंतर सीमा सुरक्षा दलाचेही प्रमुख झाले. निवृत्तीनंतर १९९६ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. देशातलं पोलीस खातं १८५७ च्या उठावानंतर, १८६१ च्या कायद्यानं घडवलं गेलं होतं. राज्यकर्त्याचा हुकूम खाली पोचवणं हा त्याचा मूळ हेतू. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगानं १९७७ ते १९८१ या काळात आठ अहवाल देऊन हे बदला म्हणून सांगितलं होतं. अहवाल धूळ खात पडले.

दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालयानं सात आदेश दिले. बहुतेक आदेश पोलिसांना राजकीय दबावापासून वाचवणारे आहेत. पोलीस महासंचालकापासून ठाण्याच्या प्रमुखापर्यंत किमान दोन वर्षांची मुदत, बदल्यांसाठी अधिकाऱ्यांचं मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची वेगवेगळी माणसं, सरकारनं पोलिसांवर अवाजवी दबाव आणू नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग. आणि सहावा आदेश आपल्या विषयाचा: पोलीस तक्रार प्राधिकरण. एक राज्यासाठी आणि एक प्रत्येक जिल्ह्यासाठी.

हे दोन्ही एकाच निकालात आहे, हा काही योगायोग नाही. नेत्याच्या फोनपासून पोलिसाला मोकळं करायचं, तर मोकळा झालेला पोलीस कुणाला उत्तर देणार हेही त्याच वेळी ठरवावं लागतं. आणि उलटंही खरं. पोलिसांवर देखरेख हवी म्हणणारी माणसं पोलिसांच्या विरोधात आहेत असं समजलं जातं, ते मला मान्य नाही. बारा-बारा तास बंदोबस्ताला उभं राहणाऱ्या हवालदाराला संघटना करायची मुभा नाही. त्याच्यावर बेकायदा काम करण्याचा दबाव आला तर 'उद्या प्राधिकरणापुढं मलाच उभं राहावं लागेल साहेब' हे वाक्य त्याची ढाल होऊ शकतं.

जिल्ह्याच्या प्राधिकरणाबद्दल न्यायालयानं काय सांगितलं होतं ते पाहा. अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश. तो सरकारनं निवडायचा, पण उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी दिलेल्या नावांतून. सदस्य पूर्णवेळ. पोलीस उपअधीक्षक दर्जापर्यंतच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी जिल्ह्यात ऐकायच्या, अधीक्षक आणि त्यावरच्यांच्या राज्य पातळीवर. आणि सर्वांत मोठी गोष्ट, प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक.

महाराष्ट्रानं काय केलं

महाराष्ट्रात १९५१ चा पोलीस कायदा आहे. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती करून प्राधिकरणांची कलमं घातली गेली. कायदा झाला, हे चांगलंच. पण येताना त्यात तीन गोष्टी बदलल्या, आणि तिन्हींचा मावशींशी थेट संबंध आहे.

पहिला बदल अंतराचा. न्यायालय जिल्हा म्हणालं होतं, कायद्यानं महसूल विभाग केला. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि पुणे, या पाच जिल्ह्यांचा विभाग पुणे. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं. पहाटे मार्केटात माल उचलून दुपारपर्यंत विकणाऱ्या बाईसाठी एक तारीख म्हणजे दोन दिवसांची कमाई आणि एसटीचं तिकीट. समोरच्या पोलिसाला मात्र सरकारी कामाचा दिवस मिळतो. जिल्हा आणि विभाग हा फरक कागदावर एका शब्दाचा आहे, पण किती माणसं तक्रार शेवटापर्यंत नेतील हे तोच ठरवतो.

दुसरा बदल निवडीचा. कायद्यात अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहे, एक निवृत्त पोलीस अधिकारी आहे, समाजातली एक मान्यवर व्यक्तीही आहे. पण त्या व्यक्तीचं नाव सरकारच ठरवतं. राज्य सुरक्षा आयोगाचे अध्यक्ष तर स्वतः गृहमंत्रीच.

तिसरा बदल शिफारशीचा. चौकशीत दोष आढळला तर अहवाल सरकारकडं जातो. सरकारनं तो स्वीकारला तर खातेनिहाय कारवाई किंवा थेट गुन्हा दाखल होऊ शकतो. पण अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणं देऊन, तो नाकारायची मुभा सरकारला आहे. 'बंधनकारक' हा शब्द असा निसटला.

तरीही ही कलमं कामाची आहेत, हे ठासून सांगतो. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कायद्याची रीत न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर, या सगळ्यांची तक्रार प्राधिकरणाकडं करता येते. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, म्हणजे समन्स काढून माणूस आणि कागद दोन्ही मागवता येतात. मावशींच्या पोराला रात्रभर बसवून ठेवणं यात बसतं. 'रीत न पाळता स्थानबद्धता' म्हणजे तेच.

'चौकशीला नेलंय' म्हणजे काय?

या एका शब्दावर जरा थांबतो, कारण सगळा अंधार तिथंच आहे.

अटकेला नियम आहेत, आणि ते भक्कम आहेत. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात ते घालून दिले, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा व्हायला हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी. कारण सांगायला हवं, घरी कळवायला हवं, वैद्यकीय तपासणी हवी, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायला हवं. कलम ३७ तर असं म्हणतं, की प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला अधिकारी असावा आणि अटक केलेल्यांची नावं-पत्ते ठाण्यात ठळकपणे लावलेले असावेत. तुमच्या ठाण्यात असा फलक दिसतो का, पुढच्या वेळी जाल तेव्हा बघा.

पण ज्याला अटकच दाखवली नाही त्याचं काय? त्याचा पंचनामा नाही, तपासणी नाही, चोवीस तासांचं घड्याळ सुरूच होत नाही. स्टेशन डायरीत नोंद केली तर केली. साक्षीदार म्हणून बोलावताना १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा माणूस आणि कुठल्याही वयाची स्त्री यांना ठाण्यात यायला लावता येत नाही, त्यांचा जबाब घरी जाऊन घ्यावा लागतो, असं संहितेचं कलम १७९ सांगतं. संशयिताला बोलवायचं तर कलम ३५ खाली लेखी नोटीस देता येते. 'चल रे, साहेबांनी बोलावलंय' या वाक्याला मात्र कुठलंच कलम नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात जे घडलं ते या जिल्ह्यातलं कुणी विसरलेलं नाही. लुटमारीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण कोठडीत मेला. पोलिसांनी आधी सांगितलं, दोघं आरोपी पळून गेले. प्रत्यक्षात त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला गेल्याचं तपासात पुढं आलं. फौजदारासह पोलीस कर्मचाऱ्यांना अटक झाली, बडतर्फी झाली, तपास सीआयडीकडं गेला. मी इथं त्या तरुणाचं नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांनी पुरेसं सोसलंय. पण त्या दिवसांत पानाच्या टपरीपासून कॉलेज कॉर्नरपर्यंत जो तो एकच विचारत होता: कोठडीतून माणूस बाहेर नेला जातो आणि ठाण्याबाहेरच्या कुणालाही ते दिसत नाही, हे कसं?

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते, हा नियम आधीपासून होता आणि नव्या संहितेच्या कलम १९६ मध्येही आहे. पण ती चौकशी माणूस गेल्यावर सुरू होते. माणूस जिवंत असताना कुणीतरी बघत असायला हवं.

कॅमेरा, आणि कॅमेऱ्यावर कोण?

२ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत. फक्त दारावर नाही. आत येण्याच्या-जाण्याच्या वाटा, कोठडी, कोठडीबाहेरचा भाग, बोळ, स्वागतकक्ष, निरीक्षकाची खोली, स्वच्छतागृहाच्या बाहेरची बाजू, ठाण्याची मागची बाजू. आवाज टिपणारे, अंधारात दिसणारे कॅमेरे. चित्रण अठरा महिने जपायचं, तेवढी सोय नसेल तर किमान एक वर्ष. आणि ठाण्यात कॅमेरे आहेत, तक्रार कुठं करायची, याचा फलक स्थानिक भाषेतही लावायचा.

पण या निकालातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कॅमेरा नाही, समिती आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक देखरेख समिती. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्यातल्या एखाद्या नगरपालिका-महापालिकेचा महापौर किंवा नगराध्यक्ष, ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. कॅमेरे चालू आहेत का हे बघणं, दरमहा राज्य समितीला अहवाल पाठवणं, आणि कुणी तक्रार केली नसली तरी साठवलेलं चित्रण तपासून कुणाच्या हक्कांचा भंग झालाय का ते शोधणं, हे तिचं काम. हे शेवटचं परत वाचा. कुणी तक्रार केली नसली तरी.

पोलिसांवर देखरेख करण्यासाठी आपल्या शहरानं मत देऊन निवडलेल्या माणसाला मिळणारी ही खुर्ची आहे. सांगलीत २०२३ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं प्रशासक आला. जिल्हा परिषदेत तर २०२२ पासूनच. म्हणजे जिथं निवडून आलेला माणूस बसायचा, ती खुर्ची त्या काळात आपोआपच रिकामी. निवडणुका लांबल्या की रस्ते आणि गटारींची कामं अडतात हे सगळे बोलतात. कोठडीवर नजर ठेवणारी एक जागाही त्याबरोबर जाते, हे कुणाच्या बोलण्यात मी ऐकलं नाही. महापौर नगरसेवकांतूनच निवडला जातो, म्हणून नगरसेवकपदासाठी उभ्या राहणाऱ्याला प्रचारात हा प्रश्न विचारला पाहिजे: उद्या महापौर झालात तर तुम्ही त्या समितीच्या बैठकीला जाणार का?

कॅमेरा बंद असण्याचा धोका न्यायालयालाही ठाऊक आहे. २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयानं याच विषयावर स्वतःहून दखल घेतली.

ब्रिटनमध्ये याहून साधी एक पद्धत आहे. १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगली झाल्या, त्यांच्या चौकशीतून ती पुढं आली आणि २००२ च्या कायद्यानं पक्की झाली. नेमलेले सामान्य नागरिक, दोघं-दोघं मिळून, न कळवता कोठडीला भेट देतात. दिवसा, रात्री, कधीही. ताब्यातल्या माणसाला विचारतात, जेवण मिळालं का, घरी कळवलं का, काही लागलंय का. गुन्ह्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. नोंद करतात आणि जातात. आपल्याकडं हे अशक्य आहे असं कुणी समजू नये. तुरुंगांसाठी अशासकीय अभ्यागतांची, म्हणजे सरकारी नोकर नसलेल्या भेट देणाऱ्यांची, पद्धत आपल्याकडं जुनी आहे, आणि २०१५ मध्ये डी. के. बसू खटल्यातल्याच पुढच्या आदेशात न्यायालयानं तुरुंगांबरोबर पोलीस ठाण्यांसाठीही, जिथं नियमांत तरतूद आहे तिथं, असे अभ्यागत नेमायला सांगितलंय. साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागला राहणारी एखादी निवृत्त शिक्षिका आणि एखादा निवृत्त पोस्टमन हे काम उत्तम करतील. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही, न घाबरता आत जाऊन विचारता यायला हवं.

मावशींचं पुढं काय झालं

आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी बसतो आणि लोकांना अर्ज लिहून देतो. गटाला नाव नाही. मावशी तिथं आल्या. येताना त्यांना वाटत होतं, आम्ही कुणाला तरी फोन लावू.

आम्ही आधी तारीख-वार विचारून घेतले. पोराला कोणत्या वारी, किती वाजता नेलं, गाडी कोणती होती, कोणी पाहिलं, कधी सोडलं, अंगावर मार होता का, डॉक्टरकडं गेलात का. मावशींना तारीख आठवत नव्हती. पण त्या दिवशी त्यांनी बाजारातून मेथी उचलली होती आणि ती तशीच सुकून गेली. अडत्याच्या वहीत त्या मेथीची उधारी होती, तिच्यावरून तारीख सापडली.

मग एका पानाचा अर्ज. 'अन्याय', 'दडपशाही' असले शब्द काढून टाकले. फक्त घडलं ते. एक प्रत एसपी कार्यालयात टपाल शाखेला, एक जिल्हाधिकाऱ्यांना. दुसरीत विनंती एवढीच, की आपण सीसीटीव्ही देखरेख समितीत आहात, अमुक तारखेला अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं ठाण्याच्या दाराचं, बोळाचं आणि स्वागतकक्षाचं चित्रण जपून ठेवावं आणि तपासावं. हे लवकर करायचं, कारण चित्रणाला मुदत असते. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. टेबलावरचे क्लार्क म्हणाले, "ठेवून जा, पोच लागत नाही." मावशी उभ्याच राहिल्या. वीस मिनिटांनी शिक्का मिळाला.

तक्रारीत दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा, गुन्हा असेल तर पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. ठाण्यानं नाकारलं तर एसपींना पोस्टानं, तरीही नाही तर दंडाधिकाऱ्याकडं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि ताब्यातल्या माणसांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडं अर्ज करता येतो, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि विभागीय तक्रार प्राधिकरण आहेच. मावशींनी तिकडं रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

एका अर्जानं एकाची तक्रार पुढं जाते. ती सगळ्यांची करायची तर माहितीचा अधिकार लागतो. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. जिल्हा देखरेख समितीच्या गेल्या वर्षात किती बैठका झाल्या, इतिवृत्त द्या. कोणत्या ठाण्यात किती कॅमेरे, किती बंद, किती दिवस बंद. कलम ३७ प्रमाणे नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव-पद प्रत्येक ठाण्यात लावलंय का. या प्रश्नांत गोपनीय काही नाही, कुणाच्या तपासात ढवळाढवळ नाही. साताऱ्यातून, कराडातून, मिरजेतून, विट्यातून वेगवेगळ्या माणसांनी हेच प्रश्न टाकले, तर समितीला निदान उत्तर देण्यापुरतं तरी एकदा बसावं लागेल.

मावशींच्या पोराचा अर्ज अजून चालू आहे. एसपी कार्यालयातून जबाबासाठी पत्र आलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "पत्रावर माझं नाव छापलंय. मला कधी सरकारचं पत्र आलं नव्हतं." जबाबाला जाताना त्यांनी शिक्का मारलेली प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली. त्याच पिशवीत अडत्याच्या वहीच्या त्या पानाची झेरॉक्सही होती.